उणे बत्तीसचा म

मीरा रोडच्या हाटकेशमधल्या एखाद्या वन बीएचके घरात माणसे चार असतील तर संगणक किती असतील, या प्रश्नाला बहुतेक कुटुंबे 'एक' असे उत्तर देतात, आणि तेही बारावीनंतर मुलासाठी हप्त्याने घेतलेल्या लॅपटॉपकडे बोट दाखवून देतात. शास्त्रीय दृष्टीने हे उत्तर अपुरे आहे. लॅपटॉप बहुधा इंटेल किंवा एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर चालतो; चौघांच्या हातातले मोबाइल एआरएम नावाच्या निराळ्या घराण्यातले असतात; टीव्हीच्या पोटातही बहुधा तेच घराणे मुक्कामाला असते; आणि चपलांच्या कपाटावर खिळ्याला टांगलेला, बसवल्या दिवसापासून कोणीही न पुसलेला वायफाय राउटर जुना असेल, तर तो मिप्स नावाच्या तिसऱ्याच घराण्यातला निघण्याची दाट शक्यता असते. एकाला कळणाऱ्या आज्ञा दुसऱ्याला कळत नाहीत, आकडे मांडण्याच्या रीती जुळत नाहीत, आणि तरीही ही सगळी मंडळी एकाच विजेच्या बिलावर गुण्यागोविंदाने नांदतात, ही बाब एकत्र कुटुंबपद्धतीच्या अभ्यासकांनी अद्याप विचारात घेतलेली दिसत नाही.

प्रोसेसरला कोणत्या मूळ आज्ञा कळतात, तो आकडे कोणत्या क्रमाने मांडतो आणि मेमरीतून ते कसे उचलतो, या नियमांच्या संचाला आर्किटेक्चर असे म्हणतात. प्रोग्राम लिहिणारा मनुष्य मात्र सहसा एकाच आर्किटेक्चरच्या यंत्रावर बसून लिहितो, तिथे तो चालला की समाधानाने चहा पितो, आणि जगातली उरलेली यंत्रेही आपल्याच यंत्राच्या वळणाची असतील असे गृहीत धरतो. या गृहीतकाची शहानिशा करण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांना या क्षेत्रात आर्किटेक्चर परीक्षक म्हणतात. हे काम बहुतांशी स्वयंसेवक करतात, त्याचा मोबदला बहुधा शून्य असतो, आणि ते नीट पार पडले तर जगाला त्याचा पत्ताही लागत नाही. पद कोणते आणि कामाचा आवाका केवढा, हे पाहता ते एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या मानद सचिवालाच पेलेल असे आहे.

त्यांची कार्यपद्धती समजण्यासाठी आधी पॅकेज म्हणजे काय हे पाहावे लागते. एखादा प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या फायली आणि तो यंत्रावर कसा बसवावा याच्या सूचना एकत्र बांधल्या की पॅकेज होते, आणि लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली लोकांपर्यंत पोहोचवणारे प्रकल्प, ज्यांना डिस्ट्रिब्युशन म्हणतात, अशी हजारो पॅकेजे सांभाळतात. पेंग्विनच्या एका चपळ जातीचे नाव घेतलेल्या आणि २००२ साली पहिली आवृत्ती काढलेल्या जेंटू या डिस्ट्रिब्युशनमध्ये प्रत्येक पॅकेजवर आर्किटेक्चरांची यादी लिहिलेली असते, आणि ज्या आर्किटेक्चरच्या नावापुढे ~ अशी लाटेची खूण असते, तिथे ते पॅकेज अजून तपासणीखाली आहे असे समजायचे असते. साधारणपणे किमान तीस दिवस लोटले, त्या काळात गंभीर दोषाची तक्रार आली नाही, आणि त्या आर्किटेक्चरच्या परीक्षकांनी ते प्रत्यक्ष बांधून व चालवून पाहिले, म्हणजे लाट पुसली जाते आणि पॅकेज स्टेबल, अर्थात स्थिर, ठरते.

मीरा-भाईंदरच्या रहिवाशाला ही व्यवस्था समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत, कारण भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बोलीतली ओसी, हाती येण्यापूर्वीच इमारतीत राहायला जाण्याची परंपरा मुंबई महानगर प्रदेशात चांगली रुजलेली आहे. लाटेची खूण असलेले पॅकेज हे ओसी नसलेल्या इमारतीसारखे असते: लिफ्ट चालते, नळाला पाणी येते, गणपतीत दिव्यांच्या माळाही लागतात, फक्त कागदोपत्री ती अजून राहण्याजोगी झालेली नसते. उत्साही मंडळी लगेच सामान हलवतात, सावध मंडळी थांबतात, आणि कोणत्या भिंतीला ओल येते ही माहिती सावधांना उत्साहींकडूनच फुकट मिळते. एका आर्किटेक्चरवर पॅकेज स्थिर ठरले म्हणून ते दुसऱ्यावर आपोआप स्थिर होत नाही, जसे ए विंगला ओसी मिळाली म्हणून बी विंगच्या लोकांना पेढे वाटता येत नाहीत. डेबियन या दुसऱ्या, १९९३ पासून चालत आलेल्या डिस्ट्रिब्युशनचा खाक्या याहून कडक आहे: तिथे अधिकृत आर्किटेक्चरांपैकी एकावर जरी पॅकेजची नवी आवृत्ती बांधली गेली नाही, तरी ती बाकीच्यांसाठीही पुढे सरकत नाही, म्हणजे ई विंगच्या गच्चीचे काम राहिले तर सगळे संकुल अडते. किमान मुदत दोन्हीकडे लिहिलेली आहे, जेंटूत तीस दिवस आणि डेबियनमध्ये निकडीनुसार दोन, पाच किंवा दहा. कमाल मुदत मात्र कुठेच लिहिलेली नाही, आणि या एका मुद्द्यावर इमारती व पॅकेजे यांच्यात पूर्ण एकवाक्यता आहे.

डेबियनच्या कायम अस्थिर विभागाचे नाव सिड आहे, आणि ते 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या मुलावरून घेतलेले आहे. नावे ठेवण्यातला हा प्रामाणिकपणा इतर क्षेत्रांनी उचलण्यासारखा आहे.

आता प्रश्न असा की जो प्रोग्राम एका यंत्रावर चालतो, तो दुसऱ्यावर का बिघडावा. पहिले कारण आकड्यांच्या क्रमाचे आहे. मोठा आकडा साठवायला एकापेक्षा जास्त बाइट लागतात, आणि त्यांपैकी थोरला बाइट आधी ठेवायचा की धाकटा, यावर प्रोसेसरांच्या घराण्यांत फार जुना मतभेद आहे. डॅनी कोहेन यांनी १९८० च्या एक एप्रिलला लिहिलेल्या एका निबंधात या दोन पक्षांना 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' या कादंबरीतल्या, अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून लढणाऱ्या पंथांची नावे दिली, आणि तेव्हापासून थोरला बाइट आधी ठेवणारे बिग-एंडियन व धाकटा आधी ठेवणारे लिटल-एंडियन म्हणून ओळखले जातात. मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली स्थापन झाली. हा आकडा दोन बाइटांत ७ आणि २१० असा बसतो, आणि एका पंथाने लिहिलेला तो दुसऱ्या पंथाने जसाच्या तसा वाचला, तर महानगरपालिकेची स्थापना इसवी सन ५३७६७ मध्ये व्हायची आहे असे निष्पन्न होते, ज्यामुळे सध्याच्या नागरी तक्रारींपैकी बहुतेक आपोआप निकालात निघतात.

आज बाजारातले जवळजवळ सगळे लॅपटॉप आणि मोबाइल लिटल-एंडियन आहेत, म्हणून हा वाद इतिहासजमा झाला असे काही तरुण अभियंते मानतात. तो झालेला नाही. इंटरनेटच्या पाकिटांवरचे पत्ते बिग-एंडियन क्रमाने लिहिण्याचा दंडक आजही चालू आहे, त्यामुळे हाटकेशच्या नाक्यावर वडापावचे पंधरा-वीस रुपये फोनवरून दिले जातात तेव्हा लिटल-एंडियन फोन मनाविरुद्ध आपले आकडे उलटे करूनच ते रवाना करतो. फॉन्टच्या फायलींचेही तेच आहे. रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली दिलेला 'लोहित' असो की लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानातला एखादा झुपकेदार फॉन्ट असो, त्यातले आकडे थोरला बाइट आधी याच रीतीने साठवलेले असतात, आणि मराठीचे प्रत्येक अक्षर पडद्यावर येण्यापूर्वी लिटल-एंडियन यंत्र निमूटपणे ही उलटापालट करत असते. फॉन्ट स्वतः निव्वळ माहिती असल्यामुळे असे पॅकेज एका आर्किटेक्चरवर तपासले की सगळीकडे स्थिर धरण्याची मुभा जेंटूने दिली आहे; अक्षरे जुळवणारा प्रोग्राम मात्र प्रत्येक घराण्यात नव्याने परीक्षेला बसतो.

दुसरे कारण मराठी माणसाच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. सी या प्रोग्रामिंग भाषेत एक बाइट ठेवण्यासाठी 'चार' (char) नावाचा प्रकार असतो, आणि त्यात ० ते २५५ आकडे मावतात की उणे १२८ ते अधिक १२७, हे भाषेच्या प्रमाणात ठरवून न देता ज्या-त्या व्यवस्थेवर सोपवले आहे. लिनक्समध्ये इंटेल घराण्याने उणे आकड्यांचा पक्ष घेतला. एआरएम, पॉवर आणि आयबीएमच्या मेनफ्रेमने अधिकाचा घेतला. इंग्रजीची सगळी अक्षरे १२८ च्या आत बसत असल्याने त्यांना या वादाची झळ लागत नाही. देवनागरीचे तसे नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते आणि तिन्ही बाइट १२७ च्या वर असतात, म्हणून 'म' हे अक्षर मोबाइलवर २२४, १६४, १७४ असते आणि लॅपटॉपवर तेच अक्षर उणे ३२, उणे ९२, उणे ८२ होते. 'हाटकेश' या नावात काना-मात्रा धरून सहा चिन्हे आहेत, त्यांचे अठरा बाइट होतात, आणि इंटेलच्या यंत्रावर ते अठराच्या अठरा उणे असतात. जागांचे भाव काढणाऱ्या दलालांना या तथ्याची कल्पना नाही, हे रहिवाशांचे सुदैव म्हणावे लागेल.

हा केवळ गमतीचा हिशेब नाही. अक्षर आहे की विरामचिन्ह हे ओळखण्यासाठी प्रोग्राम एका तक्त्याच्या अमुक क्रमांकाच्या घरात पाहतो, आणि क्रमांकच उणे आला तर तो तक्त्याच्या बाहेर, शेजारच्या बिऱ्हाडात, हात घालतो. तिथे काय सापडेल याची हमी कोणीच देत नाही. उलट दिशेचा दोषही तितकाच प्रसिद्ध आहे: फाइल संपल्याची खूण उणे एक असते, आणि ज्या यंत्रावर 'चार'ला उणे आकडे ठाऊकच नाहीत, तिथे निष्काळजीपणे लिहिलेला प्रोग्राम ती खूण कधीच ओळखत नाही आणि संपलेली फाइल वीज जाईपर्यंत वाचत बसतो. लिहिणाऱ्याच्या इंटेल यंत्रावर, इंग्रजी मजकुरावर, हे दोन्ही दोष अदृश्य राहतात. म्हणून मराठी मजकूर हे स्वतःच एक तपासणीचे हत्यार आहे, आणि ते ज्यांच्या घरात आहे त्यांना त्याची जाणीव नाही, अशी ही स्थिती आहे.

उरलेल्या घराण्यांच्या लहरी थोडक्यात सांगता येतील. ह्यूलेट-पॅकार्डच्या जुन्या पीए-रिस्क यंत्रांवर लिनक्स चालवला तर प्रोग्रामची तात्पुरती नोंदवही, जिला स्टॅक म्हणतात, ती इतर बहुतेक यंत्रांच्या उलट, खालून वर वाढते. स्पार्क घराण्याला चार बाइटांचा आकडा चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून उचलायला सांगितला, तर ते इंटेलप्रमाणे पडते घेत नाही, प्रोग्रामच बंद करते. डीईसीच्या अल्फा प्रोसेसरला मेमरीतल्या घडामोडी ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने दिसतील याची शाश्वती नसते. ही यंत्रे हेकट म्हणून ओळखली जात असली तरी परीक्षकाला तीच प्रिय असतात, कारण प्रोग्राममधली जी चूक इंटेल वर्षानुवर्षे पोटात घालतो, तीच चूक स्पार्क पहिल्याच दिवशी चव्हाट्यावर आणतो.

स्पार्कचा संबंध मुंबईशीही पोहोचतो. हाटकेशहून काशीमिरा गाठून पश्चिम द्रुतगती महामार्ग धरला आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर वळले, की वाहतुकीच्या मर्जीनुसार केव्हातरी पवई येते. तिथल्या आयआयटीत प्राध्यापक माधव देसाई यांच्या गटाने 'अजित' हा ३२ बिटी प्रोसेसर घडवला, २०१९ साली तो लोकांसमोर आला, आणि त्याची चिप चंडीगडजवळच्या मोहालीतल्या शासकीय सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झाली. त्याच्या आज्ञा स्पार्क आठव्या आवृत्तीच्या आहेत. हे आर्किटेक्चर सन कंपनीने आणले असले तरी त्याचे खुले प्रमाण १९९४ पासून उपलब्ध असल्याने निवड समंजस होती. योगायोग असा की डेबियनने स्पार्कचे आपले जुने ३२ बिटी पॅकेजभांडार २०१३ च्या आवृत्तीनंतर गुंडाळले होते. ज्या घराण्याला डेबियनने परीक्षक मिळेनासे झाले म्हणून निरोप दिला, त्याच घराण्यात पवईत काही वर्षांनी पाळणा हलला. 'अजित' उपकरणांच्या पोटात बसण्यासाठी आहे, त्याला डेबियनची हजारो पॅकेजे नकोत, हे खरे; तरीही कोणतेही आर्किटेक्चर मेले असे जाहीर करण्याची घाई करू नये, एवढे यावरून म्हणता येते. (हाटकेशच्या उद्योगनगरात जीसीसी नावाचा क्लब आहे. प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या जीसीसी या कंपायलरशी, किंवा त्याच्या अभ्यासासाठी पवईत चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरशी त्याचा संबंध जोडू नये. तिथे आर्किटेक्चर बदलून मिळत नाही.)

परीक्षकाचे प्रत्यक्ष काम पाहिले तर त्यात रोमांचक असे काही नसते. पॅकेज बांधायचे, त्याच्यासोबत आलेला चाचणीसंच चालवायचा, ऐच्छिक सोयी चालू-बंद करून ते पुन्हा बांधायचे, त्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजे मोडत नाहीत ना हे पाहायचे, आणि शेवटी नोंदवहीत आर्किटेक्चरचे नाव व त्यापुढे 'स्टेबल' असे दोन शब्द लिहायचे. नव्या यंत्रावर जे दहा मिनिटांत होते, त्याला वीस वर्षांच्या यंत्रावर दिवस लागतो. तसे यंत्र घरात ठेवावे तर मे महिन्यातल्या मीरा रोडच्या उकाड्यात ते स्वतःची भर घालते आणि पंख्याच्या आवाजावरून शेजाऱ्यांना पिठाची गिरणी सुरू झाल्याचा संशय येतो, म्हणून अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या ओपन सोर्स लॅबसारख्या ठिकाणी ठेवलेली सामायिक यंत्रे दुरून वापरण्याची सोय झाली आहे. फाब्रिस बेलार यांनी २००३ साली आणलेल्या क्यूएमू या प्रोग्रामने एका यंत्रावर दुसऱ्या आर्किटेक्चरचे सोंगही आणता येते, पण सोंग घेणारे यंत्र हेकटपणाच्या बाबतीत अस्सल यंत्राइतके विश्वासू नसते, त्यामुळे त्याच्या साक्षीला दुय्यम वजन दिले जाते.

या कामातली सर्वांत अलौकिक नोंद आयबीएमच्या मेनफ्रेमची आहे. हे आर्किटेक्चर बँका आणि विमा कंपन्यांच्या तळघरांत वापरले जाते, त्याच्याजवळ कोणी माउस घेऊन बसत नाही, आणि तरीही ते डेबियनच्या अधिकृत यादीत असल्याने पत्त्यांचे खेळ, चित्रे रंगवण्याचे प्रोग्राम आणि मुलांसाठीचे शैक्षणिक खेळ त्याच्यासाठीही इमानेइतबारे बांधले जातात. मेनफ्रेमवर सॉलिटेअर खेळणारा मनुष्य आढळला नसला, तरी मेनफ्रेम बिग-एंडियन असल्यामुळे त्या खेळातली बाइटांची चूक तिथेच उघडी पडते, आणि ती दुरुस्ती हाटकेशमध्ये दुपारी पत्ते मांडून बसलेल्या सेवानिवृत्त गृहस्थांच्या लॅपटॉपपर्यंत विनाशुल्क पोहोचते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत सात आर्किटेक्चरे अधिकृत आहेत. त्यांत रिस्क-व्ही हे नवे खुले घराणे प्रथमच दाखल झाले, ज्यावर आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा 'वेगा' हे भारतीय प्रोसेसर आधारलेले आहेत.

इतके दिवस थांबून काय साधते, अशी पृच्छा करणाऱ्यांना २०२४ च्या मार्चमधले प्रकरण सांगता येते. फायली आवळून लहान करणाऱ्या एक्सझेड या पॅकेजमध्ये कोणीतरी चोरदार बसवले होते, आणि ते इतके चोखंदळ होते की यंत्र ६४ बिटी इंटेल घराण्याचे, लिनक्सचे आणि विशिष्ट रीतीने बांधलेले असेल तरच उघडत असे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या अस्थिर विभागावर काम करताना दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्याने पाठपुरावा केला आणि २९ मार्चला प्रकार उघडकीस आणला. मीरा-भाईंदरमधल्या गोल्डन नेस्टच्या चौकात अर्धा सेकंद हे कालमापनाचे एकक म्हणून कोणाला परिचित नाही, त्यामुळे हा शोध तिथे लागला नसता, हे उघड आहे. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पॅकेज पोहोचलेच नव्हते. ते अजून रांगेत उभे होते.

रांगेतला पुढचा मोठा पेपर तारखेसह जाहीर झालेला आहे. जुनी ३२ बिटी यंत्रे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद एका मर्यादित खणात मोजतात, आणि तो खण १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतो. म्हणजे मीरा रोडच्या फलाटावर चर्चगेटच्या गाडीसाठी माणूस माणसाला चिकटलेला असतानाच, न सुधारलेली यंत्रे एकदम १४ डिसेंबर १९०१ च्या पहाटे सव्वादोनला जाऊन पोहोचतील. तेव्हा भारतीय प्रमाणवेळही लागू झालेली नव्हती, त्यामुळे ती वेळ चूक आहे असे म्हणायलाही कायदेशीर आधार सापडणार नाही. डेबियनने तेराव्या आवृत्तीत यावर इलाज म्हणून आपली ३२ बिटी एआरएम पॅकेजे ६४ बिटी काळमोजणीवर नेली. जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून इंटेलचे ३२ बिटी घराणे तेवढे तसेच ठेवले आहे.

हाटकेशच्या ज्या घरांत पोटमाळ्यावर किंवा पलंगाखालच्या बॉक्समध्ये असे जुने ३२ बिटी यंत्र पडलेले असेल, त्यांनी ते भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर चढवण्यापूर्वी त्यावर लिनक्स बसवून एकदा मराठी मजकूर उघडून पाहावा, घड्याळ २०३८ च्या त्या मंगळवारच्या पुढे सरकवून पाहावे, आणि काही बिघडलेले दिसले तर यंत्राचे आर्किटेक्चर, पॅकेजचे नाव आणि आवृत्तीचा क्रमांक लिहून संबंधित प्रकल्पाकडे तक्रार नोंदवावी. तक्रारीला शुल्क नाही, वशिला लागत नाही, आणि तिला बहुधा उत्तरही येते.